साडेपाच हजार आरपीएमपुढे इंजिन चढत नाही, दिवा लागतो. पार्ट बदलला की दोन महिने ठीक, मग पुन्हा तेच

लक्षण आधी सांगतो, म्हणजे ज्याच्या गाडीचं दुखणं वेगळं आहे त्याचा वेळ वाया जायला नको. गाडी सकाळी नीट सुरू होते. शहरात काही त्रास नाही, ऍव्हरेज नेहमीचं, धूर नाही, आवाज नाही. घाटात किंवा हायवेवर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबून धरला की आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा साडेपाच हजारांपर्यंत झकास चढतो. मग जिथे इंजिनाचा सूर बदलून खरी मजा सुरू व्हायची, तिथेच कोणी मानगूट धरल्यासारखं होतं. इंजिन अडखळतं, ‘चेक इंजिन’चा पिवळा दिवा लागतो आणि त्यानंतर काटा पाच हजारांच्या वर जायचं नावच काढत नाही. स्कॅनरने दोषाचा कोड पुसला तर पुढच्या घाटापर्यंत आराम. एखादा पार्ट बदलला तर दोन-तीन महिने आराम. नंतर पहिले पाढे पंचावन्न.

माझ्या गाडीत हे वर्षभरात चार वेळा झालं. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. दोष तिचा नव्हता, आणि नाव घेतलं की बोलणं नावावरच जातं. एवढं पुरे: जुनी जपानी, चार सिलिंडर, टर्बो नाही, लाल पट्टा (ज्याच्यापुढे इंजिन न्यायचं नसतं) आठ हजारांना सुरू होतो आणि वरच्या आरपीएमला वेगळा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता भाग) लागतो. तुमच्याकडे या जातीचं इंजिन असेल तर पुढे वाचा. टर्बोवाली असेल तर तुमचं दुखणं बहुतेक दुसरंच निघेल.

ज्याला उत्तर लगेच हवंय त्याच्यासाठी: गाडी सपाट जागेवर उभी करा, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा आणि ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी काढून बघा. यातल्या ‘सपाट’ या शब्दाने माझं वर्ष खाल्लं, तो किस्सा खाली येईलच.

कॅम बदलतो म्हणजे काय होतं

हे समजून घेतल्याशिवाय पार्ट बदलत बसणं म्हणजे अंधारात दगड मारणं. मी तीन वेळा मारले.

९००० आरपीएमला प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडून मिटतो. एवढ्या कमी वेळात सिलिंडरमध्ये पुरेशी हवा कोंबायची तर व्हॉल्व्ह जास्त उंच आणि जास्त वेळ उघडा राहायला हवा. पण तसा कॅम कायमचा बसवला तर सिग्नलला उभी असताना गाडी धडधडत राहील आणि खालच्या आरपीएमला पिकअप मरेल. त्यावरचा तोडगा म्हणून एकाच कॅमशाफ्टवर दोन स्वभावांचे लोब, म्हणजे व्हॉल्व्ह ढकलणारे उंचवटे, दिले. होंडाने १९८९ साली इंटेग्रात हे व्हीटेक या नावाने आणलं: १५९५ सीसी, १६० पीएस, ७६०० आरपीएमला. म्हणजे टर्बोशिवाय लिटरमागे शंभर घोडे, आणि तेही रोज बाजारात नेता येईल अशा गाडीत.

व्हॉल्व्हच्या प्रत्येक जोडीसाठी तीन लोब असतात, बाजूचे दोन बुटके आणि मधला उंच. त्यावर तीन रॉकर, म्हणजे लोबचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे दांडे. शहरात बुटके लोब काम करतात, मधला रॉकर आपल्याशीच वरखाली होत असतो. काटा ठरावीक आकड्यापुढे गेला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, एका सोलेनॉइडला (विजेवर उघडणाऱ्या झडपेला) वीज देतो. सोलेनॉइड ऑइलची वाट मोकळी करतो, दाबाखालचं ऑइल रॉकरच्या पोटातली पिन सरकवतं आणि तिन्ही रॉकर एकत्र जखडले जातात. तिथून पुढे उंच लोबचं राज्य.

या साखळीत वीज आहे ती फक्त सोलेनॉइडपर्यंत. पिन सरकवायला मोटर नाही, तार नाही. ते काम ऑइलचं. पलीकडे एक प्रेशर स्विच बसलेला असतो, तो ईसीयूला कळवतो की ऑइल पोचलं की नाही. ईसीयूने हुकूम सोडला आणि स्विचने ‘पोचलं’ म्हटलं नाही, की दिवा लागतो आणि इंजिन जपण्यासाठी वरचे आरपीएम बंद. बऱ्याच होंडांमध्ये तेव्हा पी १२५९ हा कोड येतो. कोडचा अर्थ एवढाच की दाब मिळाला नाही. का मिळाला नाही, ते तो सांगत नाही. आपण मात्र कोड वाचतो आणि निरोप्यालाच झोडपतो.

एक गैरसमज इथेच काढतो. पार्किंगमध्ये न्यूट्रलला रेस देऊन ‘कॅम लागत नाही’ असं म्हणू नका. ईसीयूला आरपीएमबरोबर गाडीचा वेग, इंजिनावरचा भार आणि पाण्याचं तापमान हे सगळं हवं असतं. उभ्या गाडीत तो सहसा कॅम बदलतच नाही. तपासायचं तर रस्त्यावर, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, दुसऱ्या गिअरमध्ये. दुसऱ्यात सात हजारांना गाडी नव्वदच्या आसपास जाते, म्हणजे शहर बाद. पुण्यातल्या नवले पुलाचा उतार तर स्वप्नातसुद्धा नको, तिथे मागून ट्रक येत असतात. रविवारी पहाटे मोकळा हायवे, थोडा चढ, एकदाच बघायचं आणि पाय काढायचा.

माझी चार वेळची कहाणी

पहिल्यांदा दिवा लागला तो खंबाटकी चढताना. शहरातल्या एका गॅरेजात स्कॅनर लावला, कोड पुसला, ‘सेन्सर आहे साहेब, पेट्रोल चांगल्या पंपावर भरत जा’ असा सल्ला मिळाला. आठ दिवसांनी ताम्हिणीत पुन्हा दिवा. मग सोलेनॉइड बदलला. बाहेरून मागवावा लागला, तीन आठवडे गाडी उभी. त्याच्या किमतीत चार वर्षांचं ऑइल आलं असतं. सोलेनॉइड बदलताना गॅरेजवाल्यांनी ऑइल आणि फिल्टरही बदलला, कारण सर्व्हिस जवळ आलीच होती. गाडी अशी सुसाट झाली की मी मित्रांना फोन करून सांगितलं, सोलेनॉइडच होता.

तीन महिन्यांनी पुन्हा दिवा. या वेळी प्रेशर स्विच बदलला, वायरिंग तपासलं. आमच्या पार्किंगमधले उंदीर वायर कुरतडतात, त्यामुळे तो संशय रास्त होता, पण वायर धड निघाली. जाताजाता ऑइल पुन्हा नवं घातलं, गाडी पुन्हा सुसाट. दोन महिन्यांनी चौथ्यांदा दिवा लागला, तेव्हा गॅरेजवाले म्हणाले की आता ईसीयूच बदलावा लागेल. आकडा ऐकला आणि गाडी घेऊन गुपचूप घरी आलो.

मी भोसरी एमआयडीसीत क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात, कामगाराने माप न घेता पार्ट पुढे सरकवला की मी त्याला बोल लावतो. स्वतःच्या गाडीचं एकही माप मी वर्षभरात घेतलं नव्हतं. त्या रात्री सगळी बिलं काढून तारखांऐवजी किलोमीटर मांडले. सोलेनॉइडनंतर दिवा लागला तो २१०० किलोमीटरवर, स्विचनंतर १९०० वर. पहिल्यांदा खंबाटकीत लागला तो सर्व्हिसनंतर दोन हजारांच्या थोडं पुढे. महिन्यांत काही सूत्र दिसत नव्हतं, कारण मी गाडी कधी रोज काढतो, कधी पंधरवडा हात लावत नाही. किलोमीटरमध्ये मात्र सूत्र अगदी समोर होतं. सोलेनॉइड किंवा स्विच दर दोन हजारांना मरत नसतो. दर दोन हजारांना संपत येतं ते ऑइल.

पण पट्टी तर भरलेली दिसायची! दर रविवारी मी बघायचो, वरच्या खुणेपाशी ऑइल. म्हणून ऑइलचा विचार मी पहिल्याच दिवशी बाद केला होता.

नाना पेठेत एका दुकानात गॅस्केट घ्यायला गेलो असताना काउंटरवरच्या मामांना हे सगळं ऐकवलं. त्यांनी मान वर न करता विचारलं, “जुनं ऑइल किती निघालं?”

म्हटलं, “मामा, साडेतीन लिटर घातलं. बिलावर आहे.”

“घातलेलं बिलावर असतंय. निघालेलं कोण लिहितंय?”

घरी आलो, गाडी जॅकवर घेण्याआधी सवयीने पट्टी बघितली. भरलेली. मग ड्रेन बोल्ट काढला आणि निघालेलं ऑइल मापाने मोजलं. दोन लिटर आणि वर तीनशे मिली. फिल्टरमधलं धरलं तरी लिटरभराने कमी. मग पट्टी भरलेली कशी?

आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे आणि माझी जागा रॅम्पच्या पायथ्याशी, उतारावर. गाडी नेहमी नाक खाली करून उभी असते. इंजिन आडवं, पट्टी पुढच्या बाजूला. सगळं ऑइल पुढे जमून पट्टीवर चढतं. वर्षभर मी रविवारी न चुकता चुकीच्या जागी बरोबर काम करत होतो. त्या दिवसानंतर पट्टी बघतो ती फक्त पेट्रोल पंपावर, हवा भरायच्या सपाट जागेत, पेट्रोल आणि हवा भरून झाल्यावर.

एक लिटर कमी झालं तर एवढं काय

साध्या इंजिनात एवढं काही नाही. शहरात तीन हजारांच्या आत चालणारी गाडी लिटरभर कमी ऑइलवर बरेच दिवस काढते, म्हणूनच हा दोष शहरात दिसत नाही. वरच्या आरपीएमला हिशेब पालटतो. पंप हेडकडे, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडे, भरपूर ऑइल फेकतो आणि ते खाली उतरायच्या भोकांतून तेवढ्या वेगाने परत येत नाही. म्हणजे काटा जितका वर, तितकं खालच्या सम्पमध्ये (इंजिनाच्या तळाच्या टाकीत) ऑइल कमी. त्यात आधीच लिटरभर नाही. त्यात घाटातलं वळण, उरलंसुरलं ऑइल एका बाजूला. पंपाची ऑइल ओढणारी सोंड क्षणभर उघडी पडते आणि ऑइलऐवजी हवा ओढते. दाब पडतो, पिन सरकत नाही, स्विच गप्प, दिवा. पिन न सरकणं हा यातला सर्वांत स्वस्त परिणाम आहे. त्याच क्षणी क्रँकच्या बेअरिंगांनाही ऑइल मिळत नसतं, आणि त्यांच्याकडे दिवा नाही. माझ्या दिव्याने मला चार वेळा आवाज दिला आणि पहिल्या तिन्ही वेळा मी त्याचं तोंड बंद करून घेतलं.

बेअरिंगांवर काय गुदरतं याचा अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. होंडा एस २०००, १९९९ सालची, १९९७ सीसी, लाल पट्टा ९००० ला. पिस्टनचा स्ट्रोक ८४ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५ मीटर, ताशी ९० किलोमीटर. तोही मधे सेकंदाला तीनशे वेळा थांबून आणि उलटा फिरून. वरच्या टोकाला पिस्टनवरचा त्वरण गुरुत्वाच्या चार हजार पटींहून जास्त होतो. आणि तो आरपीएमच्या वर्गाने वाढतो: ४५०० चे ९००० केले तर जोर दुप्पट नाही, चौपट. कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामध्ये एवढं सगळं झेलायला असतो केसाहून पातळ ऑइलचा थर. कंपन्यांना हे चांगलं ठाऊक आहे. म्हणून पोर्शे ९११ जीटी ३, फेरारी ४५८ आणि लेक्सस एलएफए या गाड्यांत ड्राय सम्प असतो. ऑइल वेगळ्या टाकीत ठेवतात, वळणात सोंड उघडी पडायचा प्रश्न राहत नाही. आपल्या गाडीत तो नाही. आपल्या गाडीत पट्टी आहे.

बीएमडब्ल्यूची ई ४६ एम ३ घ्या. ३.२ लिटर, सहा सिलिंडर, ८००० आरपीएम. टॅकोमीटरवर छोट्या दिव्यांची रांग असते. गाडी थंड असताना वरचे दिवे पेटलेले, ऑइल गरम होईल तसे एकेक विझत जातात आणि लाल पट्टा वर सरकतो. इतकं समजावूनही त्या इंजिनाची रॉड बेअरिंगं बदनाम झालीच. माझदा आरएक्स-८ चं तर मुद्दामच तसं आहे. रोटरी इंजिनात सील ओले ठेवायला ऑइल थेट चेंबरमध्ये सोडतात, ते जळणारच. ज्याने ‘नवी गाडी ऑइल खाते’ म्हणून डोक्याला हात लावला, त्याने मॅन्युअल वाचलेलं नसतं.

प्रत्येक दोष ऑइलच्या माथी मारायचा नाही, हेही सांगतो. टोयोटाचं टू-झेड-झेड-जीई हे इंजिन, जे सेलिकात आणि लोटस एलीसमध्ये होतं, त्यातही वरचा कॅम असाच गायब व्हायचा, पण सुरुवातीच्या इंजिनांत त्याचं कारण रॉकर शाफ्टचे झिजून तुटलेले बोल्ट असायचे. ऑइल भरपूर, तरी कॅम लागत नाही. २०१४ साली पोर्शेने नव्या जीटी ३ च्या ७८५ गाड्या चालवणं बंद करायला सांगितलं आणि इंजिनंच बदलून दिली. कारण कनेक्टिंग रॉडचे सैल होणारे बोल्ट. ९००० ला फिरणाऱ्या इंजिनात एक बोल्ट सैल होणं म्हणजे काय, ते आगीत गेलेल्या गाड्यांनी दाखवलं होतं.

मग ऑइल जात कुठे होतं

फरशीवर थेंब नाही, सायलेन्सरमधून निळा धूर नाही. एका मिस्त्रींनी बघताच निदान केलं, पिस्टनच्या रिंगा गेल्या, इंजिन खोला. खोललं नाही, आणि बरं केलं. आधी चारशे रुपयांचा पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला. तो खुळखुळ वाजायला हवा. माझा मुका होता. आत काळा चिकट गाळ बसून उघडाच अडकला होता. इंजिनाच्या पोटातला वायू इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या वाटेत) ओढून जाळायचं त्याचं काम, पण उघडा अडकल्यावर तो वायूबरोबर ऑइलही ओढतो. सर्वांत जास्त ओढतो तो घाट उतरताना, ऍक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर रोखलेली असते तेव्हा. म्हणजे चढताना माझं इंजिन ऑइल मागत होतं आणि उतरताना तेच पीत होतं. थोडं थोडं जळतं, म्हणून आरशात धूर दिसत नाही. इनटेकची रबरी नळी काढून आत बोट फिरवा, ऑइलने काळं झालं तर समजा.

हा गाळ येतो पुण्यातल्या चालवण्याने. अशा इंजिनाने कोथरूडहून डेक्कन, डेक्कनहून घरी, एवढाच प्रवास करायचा म्हणजे तालमीतला पैलवान पेढीवर हिशेबाला बसवण्यातला प्रकार. पाण्याचा काटा पाच मिनिटांत मधे येतो आणि आपल्याला वाटतं गाडी गरम झाली. ऑइल गरम व्हायला दहा-पंधरा किलोमीटर लागतात. तोवर विद्यापीठ चौकात अडकून आपण परत वळलेलो असतो. ऑइलमधलं पाणी आणि पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही, त्याचाच गाळ होतो. मी आता महिन्यातून दोनदा तरी गाडी तासभर सलग चालवतो, आणि ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी सहा महिन्यांनी बदलतो. उलट चूक करणारेही आहेत. सकाळी गाडी सुरू केली की थंड इंजिनाला तळघरात रेस देतात. त्यांना वाटतं गाडी गरम होतेय. गरम होतात ते वरच्या मजल्यावरचे आजोबा.

दुसरा दोष मात्र सर्वस्वी माझा. सोलेनॉइडच्या मागे, ऑइलच्या वाटेवर, नखाएवढी बारीक जाळी असते. दोन बोल्ट काढले की हातात येते. माझ्या जाळीत ऑइलचा गाळ नव्हता, करड्या रबरासारखे तुकडे होते. ओळखीचा रंग. दीड वर्षापूर्वी टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या वरच्या झाकणाची) गॅस्केट बदलताना रविवारच्या उत्साहात मी सिलिकॉन असं थापलं होतं की जणू घराची गच्ची गळतेय. बाहेर ओघळलेलं पुसलं, आत ओघळलेलं कोण पुसणार? तेच सुटून ऑइलबरोबर फिरत जाळीत बसलं. नव्या सोलेनॉइडबरोबर नवी जाळी आली होती, म्हणून तो ‘उपाय’ तीन महिने चालला. ऑइल नवं आणि जाळी नवी, श्रेय सोलेनॉइडला.

तुम्ही कोणत्या क्रमाने बघाल

सपाट जागेवर पट्टी. कमी असेल तर भरा, कोड पुसा, किलोमीटर लिहून ठेवा आणि दर पाचशेला पुन्हा बघा. हजार किलोमीटरमागे किती जातं हा आकडा हातात आल्याशिवाय कोणालाही एक रुपयाही देऊ नका. मग सोलेनॉइडमागची जाळी, कारण तिला फक्त दहा नंबरचा पाना आणि अर्धा तास लागतो. मग पीसीव्ही. सोलेनॉइडवर मल्टिमीटर लावा. होंडांत १४ ते ३० ओहम असेल तर कॉइल ठीक आहे. बारा व्होल्ट क्षणभर दिले की टक् आवाज यायला हवा. स्विचची पिन आणि वायर हलवून बघा, उंदरांची आठवण ठेवून.

एवढं करूनही दिवा लागला तर ऑइलच्या दाबाचा गेज लावा. डॅशबोर्डवरच्या लाल दिव्यावर विसंबू नका, तो दाब जवळजवळ संपल्यावर पेटतो. माझ्या मॅन्युअलमध्ये ऑइल ८० अंशांना असताना आयडलला किमान ०.७ आणि ३००० ला किमान ३.५ किलो दाब हवा असं आहे. तुमच्या इंजिनाचा आकडा तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. गेज इलेक्ट्रिक सेंडरवाला घ्या. गरम ऑइलची नळी केबिनमध्ये आणण्याचं शहाणपण करू नका, ती निसटली तर मांडीवर येईल. माझा गेज ऑइल काढण्याच्या आदल्या दिवशी बसवला होता. सरळ रस्त्यावर काटा अगदी शहाण्यासारखा, तीन हजारांना चारच्या वर. चांदणी चौकातल्या लांब वळणाच्या रॅम्पवर, जेमतेम पन्नासच्या वेगात, तो अडीचपर्यंत घसरून परत आला. (रॅम्प चुकीचा होता, पण त्यामुळेच दोनदा वळायला मिळालं.) वळणात पडणारा दाब म्हणजे ऑइल कमी. सरळ रस्त्यावरही गरम झाल्यावर दाब कमीच राहत असेल तर बेअरिंग किंवा पंप, तिथे मात्र गाडी चालवणं थांबवा आणि चांगला मिस्त्री गाठा.

ऑइलचा ग्रेड मॅन्युअलमधलाच. ऍव्हरेजसाठी पातळ ऑइल घालायची हल्ली टूम आहे. ते ज्या इंजिनांसाठी बनवलं त्यांच्यासाठी उत्तम, वीस-पंचवीस वर्षं जुन्या इंजिनात घातलं की गरम झाल्यावर दाब आणखी पडतो. गॅरेजातल्या पिंपातलं सुटं ऑइल कितीही ओळखीचं असलं तरी नको.

पेट्रोलबद्दलही दोन शब्द. ई-२० वर, म्हणजे वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर, खापर फोडणारे भेटतील. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांबद्दलची काळजी रास्त आहे, पण या दोषात ते निर्दोष आहे. पेट्रोल कमी पडत असेल, फिल्टर चोंदला असेल, तर इंजिन हळूहळू दम सोडतं, चढावर चार हजारांनाही कुंथतं आणि हा कोड येत नाही. इथे सगळं एका ठरावीक आकड्याला, खटका दाबल्यासारखं होतं. तो खटका म्हणजे कॅम.

पीसीव्ही नवा घातला. टॅपेट कव्हर उघडून चिमट्याने सिलिकॉन वेचून काढलं, जाळी धुतली, ऑइल मोजून साडेतीन लिटर घातलं. त्याला आता ६४०० किलोमीटर झाले. हजारामागे पाव लिटरच्या आत जातं, या वयाच्या आणि या स्वभावाच्या इंजिनाला ते मला मान्य आहे. डिकीत एक लिटरचा डबा कायम असतो. खंबाटकी तीनदा चढलो, तिन्ही वेळा साडेपाच हजारांना सूर बदलला.

काढून टाकलेला जुना सोलेनॉइड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. परवा मल्टिमीटर लावून बघितला. १८ ओहम, टक् आवाजही येतो.